लायब्ररी लिहायला बसण्याआधी ऐकून ठेव

स्वतःपुरता प्रोग्रॅम लिहिणं वेगळं आणि दुसऱ्यांनी वापरायची लायब्ररी लिहिणं वेगळं. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये कुठल्या फंक्शनला काय द्यायचं ते आपल्या डोक्यात असतं. लायब्ररी वापरणाऱ्याच्या डोक्यात ते नसतं. तो घाईत असतो, डॉक्युमेंटेशनची पहिली दोन उदाहरणं बघून कामाला लागतो आणि हाताशी असेल ते फंक्शनला देतो. ते तपासून घ्यायची जबाबदारी आपली. थोडीफार तपासणी सगळेच करतात. पूर्ण लायब्ररीभर एकाच रीतीने करणारे मात्र फार कमी भेटतात. माझ्या सिनिअरांनी मला जे शिकवलं आणि पुढे कामाने जे पटवून दिलं, ते आता तुला सांगतो.

तपासणी कडक असावी की सैल, यावर नवी मंडळी तासन्‌तास वाद घालतात. त्याआधी एक प्रयोग करून बघ. पायथनच्या मॅथ मॉड्यूलला उणे एकचं वर्गमूळ विचार. ते व्हॅल्यूएरर देऊन तिथल्या तिथे थांबतं. तेच नमपायला विचार. ते एक वॉर्निंग दाखवतं, उत्तर म्हणून नॅन देतं आणि पुढे चालू लागतं. दोघांचंही बरोबर आहे. मॅथकडे एका वेळी एक संख्या येते, ती चुकीची असेल तर थांबणंच शहाणपणाचं. नमपायसमोर दहा लाख संख्यांचा ॲरे असू शकतो. त्यातल्या एका खराब नोंदीपायी बाकीचं गणित टाकून देणं कुणालाच परवडत नाही. आता दोघांना उणे एकचा लॉगरिदम विचार. मॅथ पुन्हा एरर देईल, नमपाय पुन्हा नॅन देईल. एका फंक्शनवरून दुसऱ्याचं वागणं ओळखता येतं, हे महत्त्वाचं. वापरणाऱ्याच्या हाताला त्यामुळे वळण लागतं.

वाईट अवस्था होते ती एकाच लायब्ररीत चार तऱ्हा असल्या की. एक फंक्शन ऋण आकड्याला एरर देतं, दुसरं गुपचूप शून्य धरतं, तिसरं नन परत करतं आणि चौथं काहीच तपासत नाही. मग सहा फंक्शनं ओलांडून आतल्या कुठल्यातरी ओळीवर काहीतरी फुटतं, आणि तिथला एरर वाचून मूळ चूक कुणाची ते कळत नाही. अशा लायब्ररीवर माणूस भरवसा ठेवत नाही. प्रत्येक कॉलभोवती तो आपला ट्राय-एक्सेप्ट गुंडाळतो, आणि मग आपण प्रामाणिकपणे दिलेले एररही त्यात गिळले जातात.

म्हणून पहिलं फंक्शन लिहिण्याआधी एक पान लिही आणि ते रिपॉझिटरीतच ठेव. चुकीच्या टाइपला कोणता एरर, चुकीच्या किमतीला कोणता? पायथनची स्वतःची रीत सरळ आहे: टाइप चुकला तर टाइपएरर, टाइप बरोबर पण किंमत नको ती असेल तर व्हॅल्यूएरर. तीच पाळ, नवी काढू नकोस. नन चालेल का, आणि चालला तर त्याचा अर्थ ‘दिलं नाही’ की ‘मर्यादा नाही’? रिकामी लिस्ट चालेल का? आकडा स्ट्रिंगमधून आला तर आपण बदलून घेणार की परत पाठवणार? नॅनचं काय? या पाच-सहा प्रश्नांची उत्तरं एकदा ठरली की रिव्ह्यूमधली निम्मी भांडणं मिटतात.

हे पुस्तकी वाटत असेल तर सायकिट-लर्नचं उदाहरण घे. मशीन लर्निंगची ही लायब्ररी कितीतरी जणांनी मिळून, वर्षानुवर्षं लिहिलेली. पॅरामीटर तपासायची रीत ज्याची त्याची वेगळी होती. एका मॉडेलमध्ये टाइपएरर, दुसऱ्यात त्याच चुकीला व्हॅल्यूएरर, तर तिसऱ्यात चूक आत खोलवर जाऊन फुटायची. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १.२ आवृत्तीपासून त्यांनी हे एका सूत्रात आणायला घेतलं. प्रत्येक क्लासने आपल्या पॅरामीटरच्या अटी एका तक्त्यात मांडायच्या: हा पूर्णांक हवा, एकपेक्षा कमी नको, हा या तीन शब्दांपैकीच एक हवा. तक्ता वाचून तपासणारा आणि एररची वाक्यं बनवणारा कोड एकच. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार आवडते. या तपासणीसाठी त्यांनी जो नवा एरर केला तो व्हॅल्यूएरर आणि टाइपएरर या दोघांचाही वारसदार आहे. म्हणजे ज्यांनी जुन्या कोडमध्ये यांपैकी कोणताही एक पकडला होता, त्यांचा कोड मोडला नाही. शिस्त आणताना जुन्या माणसांची अशी काळजी घ्यावी लागते.

त्यांचा आणखी एक नियम नव्याला उलटा वाटतो. तपासणी कन्स्ट्रक्टरमध्ये करायची नाही, मॉडेलला डेटा देऊन फिट करताना करायची. कारण असं, की ऑब्जेक्ट तयार झाल्यावरही त्याचे पॅरामीटर बदलायची सोय तिथे आहे. दारात एकदा तपासलं आणि नंतर आत कुणी किंमत बदलली, तर ती तपासणी वाया गेली. तपासणी कुठे करायची याचं उत्तर त्या लायब्ररीच्या वापराच्या रीतीतून निघतं. तुझं उत्तर वेगळं असेल, पण एकच असू दे.

आता ‘लवकर तपास’ याबद्दल. फंक्शनने फाइल उघडायच्या, नेटवर्कवर जायच्या किंवा अर्धं काम उरकायच्या आधी सगळी आर्ग्युमेंट तपासून झाली पाहिजेत. अर्धवट लिहिलेली फाइल मागे ठेवून दिलेला एरर हा अर्धाच एरर. इथे एक खड्डा आहे, जाणते लोकही त्यात पडतात. पायथनच्या फंक्शनमध्ये कुठेही यील्ड आलं की ते जनरेटर होतं, आणि त्याची पहिली ओळसुद्धा कॉल करताना चालत नाही. कुणीतरी पहिलं मूल्य मागेल तेव्हा चालते. सुरुवातीला लिहिलेली तुझी छान तपासणी तोवर झोपलेली असते. चुकीचं आर्ग्युमेंट दिलं जातं एका फाइलमध्ये आणि एरर येतो दुसऱ्याच फाइलमधल्या लूपवर. यावर उपाय सोपा: बाहेरचं फंक्शन साधं ठेव, त्यात तपास आणि आतल्या यील्डवाल्या फंक्शनचं जनरेटर परत कर.

काही आर्ग्युमेंटं साळसूद चेहऱ्याने आत येतात, ती ओळखायला शिक. नॅन त्यातलं पहिलं. ‘शून्याहून कमी किंवा शंभरहून जास्त असेल तर एरर दे’ अशी अट लिहिलीस तर नॅन बिनदिक्कत आत जातं, कारण नॅनशी केलेली कमी-जास्तची प्रत्येक तुलना खोटी ठरते. अट फिरवून लिही: ‘शून्य ते शंभरच्या मध्ये नसेल तर एरर दे’. आता नॅन अडकलं. अर्थ तोच वाटतो, पण वागणं वेगळं. दुसरं म्हणजे ट्रू. पायथनमध्ये बूल हा इंटचाच उपप्रकार आहे, त्यामुळे ‘पूर्णांक आहे का?’ विचारल्यावर ट्रू ‘हो’ म्हणतो आणि १ म्हणून गणितात बसतो. हप्त्यांची संख्या म्हणून ट्रू आलं तर कुणीतरी आर्ग्युमेंटचा क्रम चुकवलाय हे नक्की, अडव त्याला. तिसरी स्ट्रिंग. नावांची लिस्ट हवी तिथे एकच नाव स्ट्रिंग म्हणून आलं तर लूप मुकाट्याने चालतो आणि नावाच्या एकेका अक्षराला स्वतंत्र नाव समजतो. आणि ‘दिलंय की नाही’ हे बघायला नुसतं ‘इफ नॉट’ वापरू नकोस. शून्य, रिकामी स्ट्रिंग, रिकामी लिस्ट आणि नन या चौघांना ते एकाच पंगतीत बसवतं. शून्य टक्के सवलत देणं आणि सवलतीबद्दल काहीच न सांगणं यांत फरक आहे.

आपल्या भाषेत काम करणाऱ्याने तर आणखी सावध राहायला हवं. हे मी जरा सविस्तर सांगतो, कारण परदेशी पुस्तकांत हे क्वचितच सापडतं. पायथनच्या इंटला देवनागरी ‘१२३’ ही स्ट्रिंग दे. ते खुशाल एकशे तेवीस हा आकडा देतं. युनिकोडमधले सगळे दशमान आकडे त्याला चालतात. जावास्क्रिप्टच्या नंबरला तेच दिलं तर नॅन. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘कोणताही आकडा’ यासाठी जे चिन्ह वापरतात, तेही पायथनच्या स्ट्रिंगमध्ये देवनागरी आकड्यांना जुळतं, जावास्क्रिप्टमध्ये फक्त इंग्रजी आकड्यांना. आता विचार कर: सहा आकडी पिनकोड तपासणारं फंक्शन पायथनमध्ये आहे. कुणी मराठी कीबोर्डवरून ‘४११०३०’ टाकलं. तपासणी पास. स्ट्रिंग तशीच डेटाबेसमध्ये गेली. पुढे इंग्रजी आकड्यांनी शोधणाऱ्याला ती नोंद कधीच सापडणार नाही. देवनागरी आकडे घ्यायचे की नाहीत हा तुझा निर्णय. मी घ्यावेत म्हणेन, आपल्या लोकांना आपल्या आकड्यांत लिहिता आलं पाहिजे. पण घेतलेस तर आत येताक्षणी एका रूपात आण, आणि लायब्ररीतल्या प्रत्येक फंक्शनमध्ये तसंच कर.

नावांची तपासणी तर याहून अवघड. ‘नावात फक्त अक्षरं असावीत’ म्हणून कुणी पायथनचं इझअल्फा लावतं. त्यात ‘कमल’ आणि ‘मदन’ पास होतात, ‘राम’ आणि ‘सीता’ नापास. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, मात्रा ही चिन्हं आहेत, अक्षरं नव्हेत, आणि इझअल्फा फक्त अक्षरांना ओळखतं. ज्याच्या नावात एकही काना-मात्रा नाही त्याचाच फॉर्म भरला जावा, असा नियम कुणी मुद्दाम केला नसता. पण न तपासता लावलेल्या तपासणीतून तो होतो. नावातली अक्षरं मोजत बसू नकोस. रिकामं नाही ना, लांबी आटोक्यात आहे ना, अदृश्य कंट्रोल कॅरेक्टर नाहीत ना, एवढं बघ. मात्र जोडाक्षरांसाठी लागणारे शून्य रुंदीचे जोडक त्यात उडवू नकोस. ‘कऱ्हाड’ हे नाव युनिकोडमध्ये एकाहून अधिक तऱ्हांनी टाइप होतं: कुणी ऱ हे एकच चिन्ह वापरतं, कुणी र आणि नुक्ता असं जोडून लिहितं, कुणी तसा जोडक घालतं. डोळ्यांना सारखंच दिसतं, तुलनेत वेगळं ठरतं. पहिल्या दोन रूपांना युनिकोडचं नॉर्मलायझेशन एकत्र आणतं, तिसऱ्यासाठी नियम आपल्यालाच लिहावा लागतो. क्रम लक्षात ठेव: आधी एका रूपात आणायचं, मग तपासायचं, आणि पुढे तपासलेलं रूपच वापरायचं.

जावाच्या जगात जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’मध्ये असाच क्रम सांगितलाय: बदलता येणारा ऑब्जेक्ट आला तर आधी त्याची प्रत घ्या आणि प्रत तपासा. मूळ तपासून मग प्रत घेतली तर मधल्या क्षणात दुसरा थ्रेड तो बदलू शकतो.

प्रत्येक आर्ग्युमेंट एकेकटं बरोबर असूनही जोडी चुकीची असू शकते. सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेनंतरची, वजनांची लिस्ट किमतींच्या लिस्टपेक्षा लांब. या जोडीच्या तपासणीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड नावाची चूक उघडकीस आली, ती याच जातीची. समोरचा एक छोटा संदेश पाठवायचा आणि सोबत त्याची लांबी सांगायचा. सर्व्हरने तोच मजकूर तेवढ्याच लांबीचा परत पाठवायचा. सांगितलेली लांबी आणि प्रत्यक्ष आलेला मजकूर जुळतात का, हे कुणी बघितलंच नव्हतं. एक-दोन अक्षरं पाठवून चौसष्ट हजारांची लांबी सांगितली की सर्व्हर आपल्या मेमरीतला पुढचा मजकूर, त्यात पासवर्ड असोत की खाजगी किल्ल्या, सरळ परत पाठवायचा. ती चूक मार्च २०१२ च्या १.०.१ आवृत्तीपासून तिथे होती. दुरुस्ती काही ओळींचीच होती: दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघणं.

काही चुका मात्र कुठल्याही अटीने पकडता येत नाहीत, त्यांना नावानेच रोखावं लागतं. पतसंस्थांच्या कामासाठी लिहिलेली व्याजाची एक लायब्ररी मी जवळून पाहिली आहे. तिच्यात एक फंक्शन दर टक्क्यांत घ्यायचं, दुसरं अपूर्णांकात, आणि दोन्हीकडे आर्ग्युमेंटचं नाव नुसतं ‘दर’. दर ऋण नसावा ही तपासणी दोन्हीकडे होती. टक्क्यांच्या फंक्शनला कुणी ०.१२ दिलं, तर एक लाखावर वर्षाचं व्याज १२,००० ऐवजी १२० रुपये निघायचं. ०.१२ टक्के हा दर अशक्य नाही, त्यामुळे कुठलीही अट हे अडवू शकत नाही. ‘दर_टक्के’ असं नाव आणि ते नाव लिहूनच किंमत द्यायची सक्ती, एवढं केलं की कॉल लिहिणाऱ्यालाच चूक दिसते. पायथन ३ मध्ये पॅरामीटरच्या यादीत एक सुटी फुली टाकली की तिच्यापुढची सगळी आर्ग्युमेंटं नाव घेऊनच द्यावी लागतात. एकक आणि क्रम यांच्या चुका टाळायला याहून स्वस्त साधन मला माहीत नाही. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर यान मंगळापाशी गमावलं गेलं, त्याचं कारण एका बाजूचा पौंडातला आकडा दुसऱ्या बाजूने न्यूटनमधला समजला, हेच होतं.

एररचं वाक्य लिहिताना ते वाचणाऱ्याची अवस्था आठव. त्याला तीन गोष्टी हव्यात: कोणतं आर्ग्युमेंट, काय हवं होतं, काय आलं. जे आलं ते अवतरणचिन्हांत दाखव. शेवटी एक जादा स्पेस असेल तर ती अवतरणचिन्हांमुळेच दिसते. ‘इनव्हॅलिड इनपुट’ एवढंच लिहिलेला एरर म्हणजे वापरणाऱ्याचे दोन तास. पण पासवर्ड, टोकन, आधार क्रमांक हे एररमध्ये कधीही छापू नकोस. एरर लॉगमध्ये जातो आणि लॉग कितीजण वाचतात याचा पत्ता नसतो. वाक्याची घडणही सगळीकडे सारखी ठेव, म्हणजे लोकांना ती शोधता येते.

आणि सगळीकडे तपासत सुटायचंही नाही. बाहेरच्यांसाठी खुल्या असलेल्या फंक्शनमध्ये पूर्ण तपास. आतल्या फंक्शनकडे येणारं सगळं तपासूनच आलेलं असतं. तिथे फार तर असर्ट ठेव, आपलं गृहीत लिहून ठेवण्यापुरतं. बाहेरून आलेल्या आर्ग्युमेंटसाठी असर्ट चालत नाही, कारण पायथन ‘उणे ओ’ या पर्यायाने चालवलं की सगळे असर्ट गायब होतात. तपासणी कामापेक्षा महाग पडत असेल तर तेही मोज. पायथनचं बायसेक्ट मॉड्यूल क्रमवार लावलेल्या लिस्टमध्ये झटपट जागा शोधतं. लिस्ट खरोखर क्रमवार आहे का हे ते तपासत नाही, कारण त्यासाठी पूर्ण लिस्ट वाचावी लागली असती आणि त्याच्या वेगाला अर्थच राहिला नसता. लिस्ट क्रमवार हवी, हे डॉक्युमेंटेशनमध्ये सांगून ते मोकळं होतं. असा अपवाद करायला हरकत नाही, फक्त तो लिहून ठेव.

जुनी लायब्ररी हातात आली आणि तिची घडी बसवायची असेल तर एका रिलीजमध्ये सगळं कडक करू नकोस. आजवर चालून गेलेल्या चुकीच्या आर्ग्युमेंटवर कुणाचातरी पगाराचा हिशेब उभा असतो. आधी वॉर्निंग दे, कोणत्या आवृत्तीत एरर होणार ते तिच्यात लिही, मग एरर कर. पायथनमध्ये डेप्रिकेशनवॉर्निंग लायब्ररीच्या आतून दिली तर सामान्य वापरणाऱ्याला ती सहसा दिसत नाही. त्याला दिसायला हवी असेल तर फ्यूचरवॉर्निंग वापर.

आता कामाचं सांगतो. या आठवड्यात तुझ्या लायब्ररीतल्या सगळ्या खुल्या फंक्शनांची यादी काढ. प्रत्येकाला तीच ठरलेली आर्ग्युमेंटं दे: नन, नॅन, ट्रू, रिकामी लिस्ट, रिकामी स्ट्रिंग, ऋण आकडा, देवनागरी आकडा. कोण काय करतं ते एका तक्त्यात लिही, आणि तोच तक्ता पायटेस्टमध्ये पॅरामीटराइज करून टेस्ट म्हणून बसव, म्हणजे उद्या कुणी नवं फंक्शन घातलं तर तेही त्याच चाचणीतून जाईल. तक्ता झाला की मला दाखव. ज्या रकान्यात दोन फंक्शनांची उत्तरं जुळत नाहीत तिथून आपण सुरुवात करू.